एका बांकावरचे सोबती

शाळेच्या हजेरीपटावर नांव लागणें ही एक गोष्ट आणि वर्गानें आपलें म्हणणें ही दुसरी. पहिली गोष्ट मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानें पुरी होते. दुसरी कोणाच्याही सहीनें होत नाहीं. ती चाळीस-पन्नास मुलांच्या मनांत व्हावी लागते, आणि मुलांचीं मनें परिपत्रकें वाचीत नाहींत. ज्यांची बुद्धि जन्मतः किंवा बाळपणींच मंद राहिली अशा मुलांना हल्लीं सर्वसामान्य शाळेंत इतरांबरोबर बसविण्यांत येतें. कायदा झाला तो योग्यच झाला, असें आमचें मत आहे. परंतु शेजारीं बसणारीं मुलें या सोबत्याला कितपत आपला मानतात, हा प्रश्न कायद्यानें सुटलेला नाहीं. तो वर्गांत सुटतो, मधल्या सुटींत सुटतो, आणि आमच्या अनुभवाप्रमाणें बराचसा आपापल्या घरांत सुटतो. म्हणूनच कुटुंबांतून वाचल्या जाणाऱ्या या मासिकांत त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचा अधिकार केवढा, तें आधींच सांगतों. आम्ही मॅट्रिक झालेले शिक्षक. संस्कृत तेवढें लहानपणीं एका शास्त्रीबुवांपाशीं रीतसर शिकलों. सातारा जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं पांचवी ते सातवीच्या वर्गांवर छत्तीस वर्षें काढून २०१६ सालीं सेवानिवृत्त झालों. आम्ही मानसशास्त्राचे पंडित नव्हों. वर्गांत उभें राहून जें दिसलें तेंच येथें सांगावयाचें आहे.

आमच्या नोकरीच्या पूर्वार्धांत असें मूल वर्गांत सहसा दिसत नसे. मग तीं मुलें होतीं कोठें? तीं घरांत होतीं. मोठ्या एकत्र कुटुंबांत एखादा ‘भोळा’ काका, एखादी ‘गरीब’ आत्या असावयाचीच. काका देवपूजेचें गंध उगाळीत, विहिरीवरून कळशी आणीत, लग्नकार्यांत पत्रावळी मांडीत. घरानें त्यांना अन्न दिलें, वस्त्र दिलें, पुष्कळ ठिकाणीं मायाही दिली. पण शाळा दिली नाहीं, आणि त्यांच्या वयाचा एकही मित्र दिला नाहीं. बरोबरीचे चुलतभाऊ शिकले, नोकऱ्यांना लागले, बिऱ्हाडें करून गेले. काका गंध उगाळीतच राहिले.

अशा मुलांसाठीं शाळा काढण्याचें काम प्रथम त्यांच्या आईबापांनाच सुचलें, यांत नवल नाहीं. मुंबईंत वकील नांवाच्या दांपत्यानें आपल्या मुलीच्या निमित्तानें १९४४ सालीं जी शाळा सुरू केली ती ‘जय वकील’ या नांवानें आजही चालू आहे. पुण्यांत १९६४ सालीं ‘कामायनी’ निघाली. या संस्थांचे समाजावर मोठे उपकार आहेत, आणि ज्यांचें व्यंग तीव्र आहे त्यांना अशा शाळांची गरज अद्यापिही आहे. तथापि वेगळ्या शाळेची भिंत दोन्ही बाजूंनीं आड येते. आंतल्या मुलांना बाहेरचीं मुलें भेटत नाहींत, आणि बाहेरच्या मुलांना आंतलीं मुलें आहेत हेंही ठाऊक होत नाहीं. १९९४ सालीं स्पेनमधील सालामांका शहरीं ९२ देशांच्या सरकारांचे प्रतिनिधि जमले आणि सर्वसामान्य शाळेनें सर्वच मुलांना सामावून घ्यावें असा जाहीरनामा त्यांनीं काढला. आपल्या देशांत १९९५ सालीं अपंग व्यक्तींसंबंधीं कायदा झाला, २००९ सालीं शिक्षणहक्काचा झाला, आणि २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्यानें तर दिव्यांग व इतर विद्यार्थ्यांनीं एकत्र शिकणें म्हणजेच समावेशक शिक्षण, अशी व्याख्याच करून ठेविली. सरकारानें आपलें काम येथवर आणून ठेविलें आहे. पुढचें काम वर्गांतील मुलांचें.

त्या कामाची पहिली पायरी म्हणजे मुलांना खरें काय तें सांगणें. बौद्धिक अक्षमता म्हणजे वेड नव्हे आणि रोगही नव्हे. ती स्पर्शानें होत नाहीं व औषधानें जात नाहीं. समजण्याची, शिकण्याची व रोजचे व्यवहार संभाळण्याची शक्ति वाढीच्या वयांतच उणी राहणें, एवढाच तिचा अर्थ. तिचीं कारणें अनेक आहेत. डाउन या इंग्रज वैद्यानें १८६६ सालीं ज्या मुलांचें वर्णन केलें, त्यांच्या शरीरांत एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत अधिक असते, असें १९५९ सालीं फ्रान्समध्यें दिसून आलें. कांहीं मुलांच्या मेंदूला जन्माच्या वेळीं प्राणवायु कमी पडलेला असतो. कांहींच्या बाबतींत मातेच्या आहारांत आयोडीन अपुरें असतें. आणि कित्येकांचें कारण सांपडतच नाहीं. मातेनें ग्रहणांत भाजी चिरल्यानें असें होत नाहीं आणि कोणाच्या पूर्वजन्मींच्या पापानेंही होत नाहीं. ही गोष्ट आम्ही मुद्दाम लिहितों. कारण ‘पाप’ हा शब्द घरांत ऐकलेलें मूल दुसऱ्या दिवशीं शाळेंत त्या मुलाशेजारून आपलें दप्तर उचलतें, हें आम्हीं पाहिलें आहे.

योगसूत्रांच्या पहिल्या पादांत चित्त प्रसन्न राहण्यासाठीं मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा अशा चार भावना सांगितल्या आहेत. पतंजलींनीं त्या कोणाकोणाविषयीं धरावयाच्या तें निराळें सांगितलें आहे. आम्ही ते शब्द केवळ सोयीसाठीं, आणि क्रम बदलून, उसने घेतों. कारण वर्ग अशा मुलाकडे कसा पाहतो हें वर्षानुवर्षें पाहतांना आम्हांला याच चार पायऱ्या दिसल्या.

पहिली पायरी उपेक्षेची. लोकांची समजूत अशी कीं, अशा मुलाला शाळेंत सर्वांत मोठा त्रास चिडविण्याचा होतो. चिडविणें असतें, नाहीं असें नाहीं. पण चिडविणारा मुलगा शिक्षकाच्या हातीं लागतो आणि त्याचा बंदोबस्त करतां येतो. ‘न निवडणें’ मात्र कोणाच्या हातीं लागत नाहीं. खोखोचे गडी निवडतांना तो शेवटीं उरतो. मधल्या सुटींत डबे उघडून मुलें गोल करतात, त्या गोलाच्या बाहेर तो उभा राहतो. कोणी त्याला ‘जा’ म्हणत नाहीं, पण ‘ये’ही म्हणत नाहीं. मोरेनो नांवाच्या एका पंडितानें १९३४ सालीं आपल्या ग्रंथांत समुदायांतील परस्परांची ओढ मोजण्याची एक रीत मांडली. सहलीला कोणाशेजारीं बसाल, तें प्रत्येकानें चिठ्ठीवर लिहावयाचें व त्या चिठ्ठ्या शिक्षकानें आपल्यापाशींच ठेवावयाच्या. २०१२ च्या पावसाळ्यांत सहावीच्या वर्गांत आम्हीं तसें करून पाहिलें. डाउन यांनीं वर्णिलेल्या लक्षणांचा एक मुलगा त्या वर्षीं आमच्या वर्गांत होता. त्याचें नांव येथें लिहिण्याचें कारण नाहीं. चाळीस चिठ्ठ्यांपैकीं एकीवरही त्याचें नांव नव्हतें. त्याला लिहितां येत नसल्यामुळें आम्हीं त्याला तोंडीं विचारलें. त्यानें क्षणाचाही विचार न करतां तिघांचीं नांवें सांगितलीं.

ही गोष्ट केवळ आमच्याच गांवची नव्हे. अमेरिकेंत माध्यमिक वर्गांतील पांच हजारांहून अधिक मुलांना विचारून केलेला एक अभ्यास २००७ सालीं प्रसिद्ध झाला. अशा सोबत्याबरोबर शाळेंत लहानसहान व्यवहार करण्यास मुलें तयार दिसलीं. परंतु गणित-भाषेच्या तासांना तो आपल्याबरोबर असावा असें त्यांना फारसें वाटत नव्हतें, आणि शाळेबाहेर त्याची संगत धरण्याची इच्छा तर त्याहूनही थोडी होती. अर्थात् नुसत्या बांकाच्या शेजारानें सोबत जुळत नाहीं. एकाच गाडीच्या डब्यांत बसलेले उतारू कोठें मित्र होतात?

दुसरी पायरी करुणेची, आणि ती फसवी आहे. कारण बाहेरून ती फार गोजिरी दिसते. वर्गांतील दोन-तीन गुणी मुली पुढें होतात. त्याच्या बुटाची नाडी बांधतात, डबा उघडून देतात, वहींत त्याच्यासाठीं लिहितात. पालकसभेंत त्यांचें कौतुक होतें. हळूहळू तो मुलगा पाय पुढें करून बसूं लागतो. घरीं जी नाडी त्याची त्याला बांधतां येत होती ती शाळेंत सुटलेलीच राहूं लागते. आणखी एक गोष्ट आमच्या व्याकरणाच्या कानांना लागली. मुली त्याच्याविषयीं बोलत, त्याच्याशीं बोलत नसत. “गुरुजी, ह्याला पाणी हवें आहे.” “ह्याला आज बरें वाटत नाहीं.” ज्याला उद्देशून बोलावयाचें तो मध्यम पुरुष आणि ज्याच्याविषयीं बोलावयाचें तो प्रथम पुरुष, असें संस्कृत व्याकरणांत शिकवितात. समोर बसलेल्या सोबत्याला ‘तूं’ न म्हणतां ‘हा’ म्हणणें म्हणजे तो येथें नाहींच असें समजणें. आम्हीं वर्गांत एवढाच नियम केला कीं, जें विचारावयाचें तें त्यालाच विचारावें, आणि उत्तर येण्यास वेळ लागला तर थांबावें. एखादें उत्तर यावयास मनांत दहा आंकडे मोजून व्हावे लागत. प्रथम मुलांना तें जड गेलें. पुढें संवय झाली. आंकडे मोजतां मोजतां पुष्कळदां उत्तर येई, आणि तें मुलांनीं कल्पिलें असेल त्याहून निराळें असे.

तिसरी पायरी मैत्रीची. ती उपदेशानें येत नाहीं. हार्वर्ड विद्यापीठाचे गॉर्डन ऑलपोर्ट यांनीं १९५४ सालच्या आपल्या ग्रंथांत दोन समाजांतील दुजाभाव कसा कमी होतो याचा विचार केला आहे. नुसती भेट पुरत नाहीं. त्या भेटींत दोघांचा दर्जा सारखा हवा, हेतु एक हवा, तो साधण्यास एकमेकांची मदत लागावी, आणि वडीलधाऱ्यांचा त्याला मनापासून पाठिंबा असावा, असें ते सांगतात. ऑस्टिन येथें इलियट ॲरन्सन यांनीं १९७१ सालीं हेंच तत्त्व वर्गांत आणलें. धड्याचे तुकडे करून गटांतील प्रत्येकाला एकेक दिला. सर्वांचे तुकडे जुळल्यावांचून कोणाचाच धडा पुरा होईना. तो प्रयोग निराळ्या वंशांच्या मुलांसाठीं होता, पण त्यांतील मर्म आमच्या कामास आलें.

आमच्या शाळेच्या मागें परसबाग होती. सहा-सहा मुलांचे गट करून प्रत्येकाला एक वाफा दिला. खणणें, मोजणें, नोंदवहींत लिहिणें, तण काढणें अशीं कामें वांटलीं. त्या मुलाकडे त्याच्या गटाचें पाणी होतें. रोज चार झाऱ्या. झारी रिकामी झाली कीं, एक खडा डब्यांत टाकावयाचा. चारांपुढें मोजणें त्याला साधत नव्हतें, पण चार खडे त्याला पक्के ठाऊक होते. एके दिवशीं नोंद ठेवणाऱ्या मुलानें, क्रिकेटच्या घाईंत, पाणी घातल्याची खूण आधींच करून टाकली. हा मुलगा जागेवरून हलेना. डबा पुढें करून त्यांतील तीन खडे दाखवूं लागला. शेवटीं वहींतील खूण खोडावी लागली. मेथी त्या गटाची चांगली आली, आणि कां आली तें गटाला ठाऊक होतें.

त्यानंतर पंधरा दिवसांनीं तीन मुलें तक्रार घेऊन आलीं. “गुरुजी, हा आम्हांला झारीला हातच लावूं देत नाहीं. सांगितलें तरी ऐकत नाहीं. मघां मला ढकललें.” ती तक्रार ऐकून आम्हांला जो आनंद झाला तो कोणत्याही प्रशंसेनें झाला नसता. दयेच्या विषयाशीं कोणी भांडत नाहीं. भांडण होतें तें बरोबरीच्याशीं. ज्या दिवशीं वर्ग त्या मुलाविषयीं इतर कोणाही मुलाविषयीं करतो तशी तक्रार करूं लागतो, त्या दिवशीं वर्गानें त्याला आपला मानला, अशी खूणगांठ वाचकांनीं बांधावी. अर्थात् तक्रारीचा निवाडाही इतरांप्रमाणेंच झाला पाहिजे. ढकलणें हें ढकलणेंच. त्याला एक दिवस झारी मिळाली नाहीं. ‘तो तसाच आहे, तुम्ही सोसा’ असें इतर मुलांना सांगणें अन्यायाचें आहे, आणि त्या मुलाचाही त्यांत अपमान आहे.

याच सुमारास एका चलाख मुलीनें विचारलें, “त्याला प्रश्नपत्रिका सोपी कां?” प्रश्न रास्त होता. त्याला दटावून गप्प करणें म्हणजे मनांतील अढी पक्की करणें. आम्हीं तिला विचारलें, “तुझ्या मैत्रिणीला चष्मा आहे, तुला नाहीं. तो तिला फुकटचा लाभ झाला काय?” मग पंचतंत्राची प्रस्तावना सांगितली. विष्णुशर्म्यापुढें आलेले तिघे राजपुत्र जड बुद्धीचे होते. त्यानें त्यांना शास्त्रांचे ग्रंथ पाठ करावयास लावले नाहींत, गोष्टी सांगितल्या. शिष्य बदलून मिळत नाहींत, म्हणून गुरूनें रीत बदलली. राजपुत्र सहा महिन्यांत शहाणे झाले, तसें आमच्या मुलाचें होणार नव्हतें, हेंही आम्हीं मुलांना स्पष्ट सांगितलें. मुलांना सत्य झेपतें. भाबड्या आशा दाखविल्या म्हणजे तीं पुढें आपल्यालाच हंसतात.

चौथी पायरी मुदितेची, म्हणजे दुसऱ्याच्या यशानें होणाऱ्या आनंदाची. येथेंही खरें व खोटें पारखावें लागतें. आरंभीं तो नुसता फळ्याजवळ जाऊन आला तरी वर्ग टाळ्या वाजवी. त्या टाळ्या करुणेच्याच होत्या, आणि तें त्यालाही कळत असावें. वर्ष सरतां सरतां त्या बंद पडल्या. आमचीं पुष्कळशीं मुलें आसपासच्या वाड्यांतून एस.टी.नें येत. तो मुलगाही त्यांच्याबरोबर थांब्यावर उभा राही आणि आपल्या गांवाच्या नांवाची पाटी अक्षरांच्या आकारावरून ओळखूं लागला होता. एकदां पावसांत मुलें आडोशाला गप्पा मारीत असतां गाडी आली ती त्यानें पाहिली, ओरडून सर्वांना सांगितलें, आणि बारा जणांची गाडी चुकली नाहीं. दुसऱ्या दिवशीं वर्गांत टाळ्या झाल्या नाहींत. “काल ह्यानें पाहिली म्हणून मिळाली, नाहींतर भिजलोंच होतों,” असें एकानें सहज सांगितलें आणि तो वही काढूं लागला. ‘सहज’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे.

येथवर शाळेचें झालें. आतां घराविषयीं. पालकांची पहिली शंका अशी कीं, अशा मुलामुळें आमच्या मुलाच्या अभ्यासाचें नुकसान होईल. आजवर निरनिराळ्या देशांत झालेल्या अभ्यासांचा एकंदर कल, इतर मुलांच्या गुणांवर वाईट परिणाम होत नाहीं, असाच आहे. मात्र वर्ग भरमसाट मोठा असेल आणि मदतीला विशेष शिक्षक फिरकतच नसेल, तर नुकसान सर्वांचेंच होतें. शिक्षणहक्क कायद्यानें पहिली ते पांचवीपर्यंत तीस मुलांमागें एक व पुढें आठवीपर्यंत पस्तीस मुलांमागें एक शिक्षक ठरविला आहे. पालकांना भांडावयाचें असेल तर त्यांनीं त्या शिक्षकासाठीं भांडावें, त्या मुलाशीं नव्हे.

दुसरी गोष्ट शब्दांची. ‘अर्धवट’, ‘खुळा’, ‘येडा’ हे शब्द मुलें शाळेंत शिकत नाहींत. तीं ते घरून आणतात. ‘मतिमंद’ हा शब्द वास्तविक सौम्य म्हणून योजिला गेला. पाहतां पाहतां त्याचीही शिवी झाली. अमेरिकेनें २०१० सालीं कायद्यांतील जुना शब्द काढून नवा घातला; आपल्याकडे २०१६ च्या कायद्यानें ‘बौद्धिक अक्षमता’ म्हटलें. शब्द बदलला हें चांगलें झालें. पण वागणूक न बदलली तर नवा शब्दही दहा वर्षांत मळेल.

तिसरी गोष्ट आमंत्रणाची. आमच्या वर्गांतील एका मुलाची मुंज होती आणि घरांत यादी चालली होती. वर्गांतील सर्व मुलांना सांगावें असें ठरलें. या मुलाच्या नांवापाशीं चर्चा थांबली. शेवटीं, त्याच्या आईनें त्याला आपल्याबरोबर आणावें आणि बायकांच्या पंक्तींत शेजारीं घेऊन बसावें, असा तोडगा निघाला. त्या घरच्या आजीबाई माजघरांतून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “तो मुलांचा मित्र ना? मग तो मुलांच्या पंक्तीला बसेल. त्याच्या आईला माझ्या शेजारचें पान मांडा. बिचारीला एकदां तरी सावकाश जेवूं द्या.” आम्हीं त्या पंक्तींत वाढलें आहे. मुलांच्या पंक्तींत सांडलवंड झाली, पण ती त्या एकाचीच होती असें म्हणण्यास जागा नव्हती. त्या आईनें जिलबी दोनदां मागून घेतली.

असो. एक गोष्ट मात्र लपवून ठेवण्यासारखी नाहीं. दहावीनंतर वाटा फुटतात. बरोबरीचीं मुलें महाविद्यालयांत आणि नोकऱ्यांच्या मागें शहरांत जातात. हा मुलगा मागें राहतो. कायद्यानें अशा मुलाला अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. त्यापुढें त्याला काम व सोबत कोण देणार, हा प्रश्न सुटलेला नाहीं, आणि वर्गांतल्या चार वर्षांच्या मैत्रीनें तो सुटतो असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु त्याच्या बांकावर बसलेलीं मुलें उद्यां दुकानदार होतील, बसचे वाहक होतील, बँकेच्या खिडकीमागें बसतील, आईबाप होतील. त्या खिडकीशीं असा एखादा मनुष्य येऊन उभा राहिला म्हणजे त्याच्यामागच्या माणसाला ‘ह्याला काय हवें?’ असें विचारण्याऐवजीं तीं त्यालाच विचारतील, ‘तुम्हांला काय हवें?’ आणि उत्तर येईपर्यंत मनांत दहा आंकडे मोजतील. शाळेनें एवढें शिकविलें तरी आम्हीं तें थोडें मानणार नाहीं.

तेव्हां वाचकांना एवढीच विनंति आहे. संध्याकाळीं मूल घरीं आलें म्हणजे गुण किती पडले तें अवश्य विचारा. त्याबरोबर तुमच्या वर्गांत असा कोणी सोबती आहे काय, आज डबा खातांना तो कोठें बसला होता, आणि त्याच्याशीं कोणाचें भांडण झालें काय, हेंही विचारा. भांडण झालें असें उत्तर आलें, तर रागावूं नका. प्रथम कारण विचारा, आणि मग त्या दोघांना रविवारीं आपल्या घरीं खेळावयास बोलवा.